अर्धा कोयता

गेल्या जुलैत एका रात्री माझ्या मुलीला एकशेतीन ताप होता, आणि मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी पुण्यात, ती बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात. रात्री अकरापासून तिची आई आणि माझी आई आळीपाळीनं ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होत्या. पहाटे शेजाऱ्याची गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं. औषध मिळालं, ताप उतरला, ती झोपली, आणि मग मला फोन आला. मी चिडलो. रात्रीच का नाही सांगितलं? बायको म्हणाली, ‘‘सांगून काय करणार होता तुम्ही?’’

हा टोमणा नव्हता. रात्रभर जागलेल्या माणसाकडे टोमण्याइतकी ताकद उरत नाही. साधा हिशोब होता. अकराला निघालो असतो तरी पहाटे पाचच्या आत मी पोचलो नसतो. फोनवर मी ‘डॉक्टरकडे न्या’ म्हणालो असतो, जे त्यांना माझ्याशिवायही कळत होतं. उलट मला धीर देण्यात दोघींपैकी एक अडकून पडली असती. म्हणजे त्या रात्री मला न कळवणं हेच शहाणपणाचं होतं. हे मला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. ज्याला न कळवल्यानं काहीही बिघडत नाही, तो त्या लेकराचा नेमका कोण?

आमची परिस्थिती फार वेगळी नाही. मी २०१८ मध्ये इंजिनिअर झालो, तेव्हापासून पुण्यात आहे. बायको डी.एड. झालेली. शिक्षक भरतीची वाट बघण्यात तिची बरीच वर्षं गेली, आणि २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून तिची निवड होऊन गावापासून अकरा किलोमीटरवरची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढायची, मग कायम. अशी नोकरी आमच्या भागात कुणी सोडत नाही. माझ्या पगाराकडे बघून तिनं ती सोडावी, असं म्हणायची मला लाज वाटली. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. माझ्याकडे पुण्यात राहिली असती तर दिवसभर पाळणाघरात गेली असती. गावात आई, आजी, आजोबा, दोन शेळ्या आणि अंगण होतं. निर्णयाला पाच मिनिटं लागली. बाप मात्र पुण्यातच राहील, हे त्या पाच मिनिटांत कुणी उच्चारलंसुद्धा नाही. ते आधीच ठरल्यासारखं होतं.

तेव्हापासून शुक्रवारी रात्रीची बस. अहिल्यानगर, जामखेड, मग आमचा फाटा. रविवारी रात्री परत. महिन्यातले तीन आठवडे हे जमतं, चौथ्या आठवड्यात कामाची पाळी असते. (१७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरात अखेर रेल्वे आली. आमच्या आजोबांच्या पिढीनं ऐकलेलं आश्वासन आमच्या डोळ्यांदेखत पुरं झालं, याचा आनंद आहेच. पण ती गाडी अहिल्यानगरपर्यंत जाते आणि माझ्या शुक्रवारच्या रात्रीला तिचा काही उपयोग नाही.)

मराठीत लेकराबद्दल बोलताना आपण तीन क्रियापदं वापरतो: पोसणं, सांभाळणं आणि वाढवणं. पोसणं लांबून जमतं. पैसे पाठवले की पोसणं झालं. पूर्वी मनीऑर्डरनं व्हायचं, आता फोनवर दोन बोटांनी होतं. सांभाळणं तसं नाही. ‘जरा हिला सांभाळ’ असं म्हणताना माणूस लेकरू उचलून दुसऱ्याच्या हातात देतो. त्या शब्दात हात लागतात. आणि वाढवणं या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे, म्हणून त्यावर सगळ्यांचा दावा चालतो. ‘मी चार लेकरं वाढवली’ असं ज्यानं एकाचंही नाक कधी पुसलं नाही असा माणूससुद्धा म्हणू शकतो, आणि कुणी त्याला हटकत नाही. मी पोसतो यात शंका नव्हती. जुलैतल्या त्या प्रश्नानं विचारलं होतं ते उरलेल्या दोन क्रियापदांबद्दल.

माझ्या धंद्याला साजेसं पहिलं उत्तर मी स्वतःला असं दिलं. आमच्याकडे ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. आठवडाभर एक जण जबाबदार. यंत्रणा कुठं अडली की त्याचा फोन रात्री तीनला वाजतो आणि तो अंथरुणातून लॅपटॉप उघडतो. ज्या सर्व्हरसाठी मी उठतो तो मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी त्याची जबाबदारी माझी आहे यात कुणाला शंका नसते, मलाही नसते. मग लेकराचं तसंच का नसावं? जवळ असणं महत्त्वाचं नाही, उत्तरदायी असणं महत्त्वाचं. पुढच्या वेळी ताप आला की मला उठवा. डॉक्टरांचा नंबर, गाडीवाल्याचा नंबर, औषधाचं वजनानुसार प्रमाण, सगळं माझ्याकडे असेल. मी तिथं नसेन, पण पाळी माझी असेल.

महिनाभर मी या उत्तरावर खूश होतो. लसीकरणाचं कार्ड स्कॅन केलं. डॉक्टरांची वेळ मी घ्यायचो, कपडे-बूट मी मागवायचो, घरातल्या औषधांची यादी मी ठेवायचो. त्यातलं बरंचसं अजूनही करतो आणि ते निरुपयोगी नाही. पण उत्तरात एक भोक होतं, ते हळूहळू दिसलं. सर्व्हर बिघडला की तो स्वतः सांगतो. बिघाड कसा मोजायचा ते आम्हीच आधी ठरवून ठेवलेलं असतं: इतकी मेमरी भरली की घंटा, इतके सेकंद उशीर झाला की घंटा. लेकराला अशी घंटा नसते. ताप हा त्यातल्या त्यात घंटेसारखा प्रकार, आणि तोही कुणीतरी कपाळाला हात लावल्यावरच कळतो. त्या रात्री हात का लावला, असं मी आईला नंतर विचारलं. आई म्हणाली, ‘‘जेवताना गप होती.’’ गप होती. हे कोणत्या पडद्यावर दिसणार? सांभाळण्यातला मोठा भाग असा आहे की काम समोर येण्याच्या आधी ते काम आहे हे लक्षात यावं लागतं. मी जे अंगावर घेतलं होतं ते सगळं कुणीतरी आधी लक्षात घेऊन माझ्याकडे पाठवलेलं काम होतं.

व्हिडिओ कॉलबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्या ऑफिसातले सगळे बाप त्याच्यावर जगतात. रोज साडेआठला आमचा कॉल असायचा. एका शनिवारी मी घरी असताना बायकोचा भाऊ बंगळुरूहून भाचीला बघायला कॉल करत होता, आणि तो कॉल पहिल्यांदा मी दुसऱ्या बाजूनं पाहिला. मुलगी मातीत खेळत होती. तिला उचलून आणलं, हात धुतले, मांडीवर बसवलं. ‘मामाला टाटा कर’, ‘मामाला गाणं म्हणून दाखव’, ‘इकडं बघ, इकडं’. ती सुटायला धडपडत होती, आजी तिला धरून होती, आई स्वयंपाक सोडून फोन तिच्या तोंडासमोर धरून उभी होती. तिघींची पाच-सात मिनिटं गेली आणि पलीकडचा माणूस खूश झाला. रोज साडेआठला माझ्यासाठी हेच चालत असणार. मी समजत होतो की त्या वेळात मी तिला काहीतरी देतोय. प्रत्यक्षात सगळं घर मला देत होतं. कॉल आम्ही बंद केला नाही. मला तो लागतो, हे मी कबूल केलं इतकंच. आता फोन भिंतीला टेकवून ठेवतात, ती तिचं खेळते, वाटलं तर बोलते. बऱ्याचदा मला अर्धा तास नुसता तिचा पाय दिसतो.

वडिलांनी लांबून लिहिलेल्या पत्रांचं आपल्याकडे फार कौतुक आहे. नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रं लिहिली, पुढं तुरुंगातून तर जगाचा इतिहासच लिहून काढला. मोठं काम आहे, आणि तुरुंगातल्या माणसाला दुसरा मार्गही नव्हता. पण त्यात बोलतो तो बाप. लेकराचं काय चाललंय हे कळायला उलट दिशेनं काहीतरी यावं लागतं, आणि माझी लेक तीन वर्षांचीही नाही, तिचं पत्र म्हणजे जेवताना गप बसणं.

हे सगळं मी निराश होऊन बायकोला सांगत होतो, तेव्हा तिनं तिच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. आमच्या भागातली शाळा दिवाळीनंतर कशी असते हे बाहेरच्यांना माहीत नसेल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. काही जण लेकरं सोबत नेतात, ती फडात आणि कोपीवर वाढतात. काही जण आजी-आजोबांकडे ठेवून जातात. अशा मागं राहिलेल्या लेकरांसाठी शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं चालतात. वसतिगृह हा शब्द मोठा आहे, बहुतेक ठिकाणी दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे. बायकोच्या वर्गात अशी मुलं आहेत, आणि संध्याकाळी सातनंतर, गाड्या भरून झाल्या की, तिच्या फोनवर फडातून बापांचे फोन येतात.

बहुतेक फोन एकसारखे. ‘बाई, पोरगं शाळंत येतंय का? अभ्यास करतंय का? मारा चांगलं.’ पण गेल्या वर्षी एका बापानं, निघून पंधरा दिवस झाल्यावर, विचारलं, ‘‘बाई, त्याच्या उजव्या टाचंची जखम वाळली का? त्यो सांगत न्हाई. लंगडतो का तेवढं बघा.’’ तिनं दुसऱ्या दिवशी बघितलं. जखम चिघळली होती, आणि आजीला डोळ्यांनी कमी दिसत असल्यानं घरी कळलं नव्हतं. वर्गात तीस मुलं, सगळी अनवाणी. बाईलाही कळलं नसतं.

ही गोष्ट मी पुष्कळ दिवस मनात घोळवली. माझ्या घंटेच्या सिद्धांताला ती छेद देते. त्या बापाला दोनशे-अडीचशे किलोमीटरवरून नेमकं ते सुचलं जे जवळच्यांना सुचलं नव्हतं. पण कसं सुचलं? निघण्याआधी त्यानं ती टाच हातात घेतलेली होती, आणि पोरगं दुखलेलं सांगत नाही हा त्याचा स्वभावही त्याला ठाऊक होता. जवळ असताना जमा केलेलं तो लांबून खर्च करत होता. तीच शिल्लक हळूहळू आटत जाते, हेही बायकोनं सांगितलं. जानेवारीपर्यंत त्याचेही फोन ‘अभ्यास करतंय का’वर आले होते. त्याचं प्रेम कमी झालं नव्हतं. विचारायला नेमकं काही उरलं नव्हतं. तीन महिन्यांत पोरगं बदललं होतं आणि तो त्याला दिवाळीतलाच ओळखत होता.

आता अण्णांबद्दल. माझे आईवडील दोघंही ऊस तोडायला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथं मजुरीचा हिशोब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. मुकादम हंगामाआधी उचल देतो तीही कोयत्याला, आणि सहा महिन्यांत ती अंगावरून फेडायची. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. त्याला उचल निम्मी, आणि दुसरा कुणी एकटा गडी जोडीला मिळाला तर काम.

मी आजीकडे वाढलो. २०११ च्या दिवाळीनंतर मात्र आई गेली नाही. मी दहावीला होतो. आजीला दिसत नाही म्हणून आई थांबली, असं मला सांगितलं गेलं आणि मी दुसरा विचार केला नाही. त्या हंगामात घरात रोज ताजी भाकरी होती, रात्री कुणीतरी कंदील पुसून ठेवत होतं, पहाटे चारला कुणीतरी उठवत होतं. माझं लक्ष तेवढ्यावरच होतं. अण्णा सांगलीकडे होते. पंधरा-वीस दिवसांनी मुकादमाच्या मोबाईलवरून त्यांचा फोन यायचा, मिनिटभर. ‘बरं हाय का? बरं. ठेवू का?’

दहावी झाली, पॉलिटेक्निक नको म्हणून अकरावी-बारावी, मग इंजिनिअरिंग. कॉलेजात मी मित्रांना सांगायचो की मला माझ्या आजीनं वाढवलं, शेवटी शेवटी आईनं. बाप म्हणजे उन्हाळ्यात घरी येणारा एक काळा पडलेला पाहुणा. हे मी थोड्या अभिमानानं सांगायचो. दुःखाचाही एक भाव असतो कॉलेजात.

माझी मुलगी जन्मली, २०२२ च्या डिसेंबरात, तेव्हा बारशाच्या तयारीत शेंगा फोडता फोडता आई सहज बोलून गेली. आजीचं कारण नव्हतंच. आजी त्याआधीही कमीच बघत होती आणि त्यानंतरही तशीच राहिली. दसऱ्याला मुकादम उचल घेऊन आला तेव्हा अण्णांनी त्याला सांगितलं की या वर्षी मी एकटा, पोराची दहावी आहे, त्याची माय घरी राहील. मुकादम हसला. उचल निम्मी मिळाली, आदल्या वर्षीची बाकी अंगावर होती तीही पुरती फिटली नाही. जोडीदार मिळाला तो दारू पिणारा. आठवड्यातले दोन दिवस अण्णा एकटेच तोडायचे, एकटेच बांधायचे आणि एकटेच वाहायचे. मोळी वाहायची सवय बाईच्या मानेला असते, त्यांच्या मानेला नव्हती. त्यांची मान त्या वर्षापासून दुखते. ती दुखते हे मला माहीत होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

हे बापपण होतं की नव्हतं? आजकाल ज्याला सहभागी पिता म्हणतात (हा शब्दच भाषांतरातून आलेला वाटतो, आमच्या गावात तो उच्चारला तर लोक सरकारी योजना समजतील) त्याच्या कुठल्याच यादीत हे बसत नाही. त्यांनी माझा अभ्यास घेतला नाही, मला जवळ घेतलं नाही, माझ्याशी बोलले नाहीत. ते माझ्यापाशी राहू शकत नव्हते, तर जिला राहता येईल तिचं राहणं त्यांनी विकत घेतलं आणि किंमत स्वतःच्या मानेनं मोजली. आणि आधी त्यांच्या काहीतरी लक्षात आलं होतं. अक्षरओळख नसलेल्या माणसाला हे लक्षात आलं होतं की या एका वर्षी पोरगं आजीच्या भरवशावर सुटेल. कुणी सांगून कळलं नव्हतं. त्यांची घंटा त्यांची स्वतःची होती.

तरीही. आज आम्ही दोघं ओसरीवर बसलो तर पाच मिनिटांत बोलणं संपतं. पाऊस, शेळ्या, बसचं भाडं. मला त्यांचा राग कशावर निघतो ते कळत नाही आणि त्यांना माझं काम काय असतं ते कळत नाही. कर्तव्यात काही कमी नव्हती. ओळख व्हायची ती झाली नाही. कोकणात निदान अशा माणसाला एक नाव आहे. चाकरमानी मुंबईला गिरणीत, बायकोमुलं गावी, गणपती-शिमग्याला भेट. १९८२ च्या संपात गिरण्या बसल्या तेव्हा कित्येक बाप कायमचे गावी परतले आणि त्यांना आपल्याच घरात नवखं वाटलं असणार. आमच्याकडे तसं नाव पडलंच नाही, कारण आमच्याकडे बाप एकटा जात नव्हता, आईबाप जोडीनं जात होते. बाप परगावी आणि आई घरी, ही चैन बीडमधल्या आमच्यासारख्या घरांना माझ्या पिढीत पहिल्यांदा परवडते आहे. या अर्थानं मी पुढारलेला अर्धा कोयता आहे, एसीत बसणारा.

सारा रुडिक नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी १९८९ मध्ये ‘मॅटर्नल थिंकिंग’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला आपण आईपणाची जाण म्हणतो ती गर्भाशयातून येत नाही, ती कामातून येते. लेकरू जगवायचं, वाढू द्यायचं आणि चार माणसांत वावरण्याजोगं करायचं, ही कामं रोज करता करता एक विशिष्ट तऱ्हेचा विचार करायची सवय लागते. पुरुषानं ती कामं केली तर त्यालाही लागते. हे वाचून मला आधी धीर आला आणि लगेच गेला. पुरुष असल्यामुळे मला दार बंद नाही, हे छान. पण सवय कामातून येते, आणि काम तर दोनशे किलोमीटरवर चाललंय. आई ‘गप होती’ म्हणाली ती काही दैवी शक्ती नव्हती. तिनं तिला दोनशे वेळा जेवताना पाहिलं होतं.

व्यवस्थेचं मत काय आहे हेही बघण्यासारखं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला पहिल्या दोन लेकरांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस आहेत. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काही नाही. मला कंपनीच्या कृपेनं पाच दिवस मिळाले. आणि महाराष्ट्र शासनाची २०१८ ची बालसंगोपन रजा पाहा: एकशेऐंशी दिवस, महिला कर्मचाऱ्यांना, आणि पुरुषांपैकी ज्यांची पत्नी वारली आहे किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली आहे त्यांना. शासनाच्या मते बाप लेकराला सांभाळू शकतो, हे यातून सिद्ध होतं. फक्त त्यासाठी आधी आई मरावी लागते. मी हे बायकोला गंमत म्हणून वाचून दाखवलं. ती हसली नाही.

तिच्या न हसण्याचं कारण मला ऑक्टोबरात कळलं. अण्णांची गोष्ट कळल्यापासून मी एक युक्ती धरली होती. मुलीला मला वेळ देता येत नाही तर मी तिच्या आईचा वेळ मोकळा करतो. शाळेची यू-डायसची माहिती, मुलांच्या याद्या, रोज येणारे तक्ते आणि लिंका, हे सगळं रात्री मी पुण्यात बसून भरतो. ती त्या वेळात मुलीजवळ असते. मला वाटत होतं हा मी माझा अर्धा कोयता चालवतोय. एकदा बोलता बोलता मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, ‘‘तुम्ही मदत करता, खूप करता. पण मदत करणाऱ्याला सुट्टी असते. त्या आठवड्यात तुमची पाळी होती तेव्हा याद्या राहिल्या, चाललं. माझं कोणत्या आठवड्यात चालतं?’’

मला याचं उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न सुटा झाला. जुलैपासून मी विचारत होतो की लांबून बाप होता येतं का. ती विचारत होती की जवळ राहणं हे एकाच माणसाच्या वाट्याला का, आणि तेही आपण न ठरवता कसं ठरलं. त्या पाच मिनिटांत. अण्णांनी आईचं राहणं विकत घेतलं तेव्हा त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता, मुकादम वर्क फ्रॉम होम देत नाही. माझ्याकडे आहे. परिस्थितीनं लांब असलेला बाप आणि सोयीनं लांब असलेला बाप फोनवर सारखेच दिसतात.

म्हणजे रस्ता खरोखर आहे. एका लहान कंपनीनं मला पूर्ण वेळ गावाहून काम करू द्यायची तयारी दाखवली आहे. पगार तिसऱ्या हिश्श्यानं कमी. घराच्या दोन खोल्यांचं कर्ज आहे, ते लांबेल. पाच वर्षांनी पुण्यातले माझे सोबती कुठं असतील आणि मी कुठं, हेही मला स्वच्छ दिसतं. गावात लाइट जाते. आणि गावात दिवसभर घरी बसणाऱ्या पुरुषाकडे लोक कसे बघतात तेही माहीत आहे.

बायकोला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही. ‘‘यायचं तर या,’’ ती म्हणाली, ‘‘पण माझ्यासाठी येऊ नका आणि तिच्यासाठीपण नका. दहा वर्षांनी ‘तुमच्यासाठी मी पगार सोडला’ हे मला ऐकायचं नाही, आणि तिनं तर अजिबात ऐकायचं नाही.’’

या वाक्यानं अण्णांच्या गप्प राहण्याकडे मला पुन्हा बघावं लागलं. आमची ओळख राहून गेली त्याचा दोष मी त्यांच्या मुकेपणाला देत आलो. पण दहावीच्या वर्षी, बारावीला मार्क कमी पडले तेव्हा, इंजिनिअरिंगच्या फीवरून भांडलो तेव्हा, मी त्यांना पाहुणा समजून वागत होतो त्या सगळ्या वर्षांत, ते एकदाही म्हणाले नाहीत की तुझ्यासाठी मी एकटा गेलो होतो. एकदा म्हणाले असते तर मी जन्मभर त्यांचा देणेकरी झालो असतो. उचल घेतलेल्या माणसाला देणं म्हणजे काय हे चांगलं कळतं. त्यांनी ते माझ्या अंगावर टाकलं नाही. हे त्यांनी ठरवून केलं की त्यांना बोलताच येत नाही म्हणून झालं, हे मी सांगू शकत नाही. त्यांना विचारून कळेल असंही नाही.

मी माझ्या लेकीला सगळं सांगणारा बाप होणार आहे, असं मला वाटत होतं. आता वाटतं, काय सांगायचं आणि काय नाही हे मला ठरवावं लागेल. आणि हे मी इथं लिहून बसलोय. ती मोठी होऊन वाचेल, तर बायकोचं म्हणणं खरं ठरेल.

गेल्या शनिवारी अण्णा गोठ्याशी बसले होते. मी त्यांना नव्या नोकरीचं सांगितलं. गावाकडं येऊ का म्हणून नाही, नुसतं सांगितलं. ते बराच वेळ दोरी वळत राहिले. मग विचारलं, ‘‘कितीनं कमी म्हणतोस?’’

‘‘तिसरा हिस्सा.’’

‘‘म्हंजी अर्धा तर न्हाई,’’ ते म्हणाले, आणि शेळ्यांना पाणी दाखवायला उठले.

मागून मुलगी बादलीला लोंबकळत गेली. तिचा डावा सँडल तिनं सकाळपासून घातला नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं. बघितलं तर पट्टा करंगळीला घासत होता. मीच पुण्याहून मागवलेला जोड, माप दोन महिन्यांपूर्वीचं. कंपनीला तीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. पाटोद्यात इन्व्हर्टरची किंमत विचारून ठेवली आहे.